चॅप्टर सेव्हन दिवाळखोरी फाइल केली तर टॅक्स रिफंड हातचा जातो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत चॅप्टर सेव्हनखाली (म्हणजे सूट नसलेली मालमत्ता घेणेकऱ्यांना देऊन बाकीचं बहुतेक कर्ज माफ करून घ्यायचा प्रकार) दिवाळखोरीचा अर्ज करायचा आहे, फेब्रुवारीत अंदाजे ४,८०० डॉलर रिफंड यायचा आहे. तो कोर्ट घेईल का, आणि आधी रिटर्न भरावं की आधी अर्ज करावा?

जाऊ शकतो. पण नीट पाहून पाऊल टाकलं तर बहुतेक वेळा वाचतोही. मी वकील नाही, पण यातून गेले आहे. नवऱ्याच्या बायपासनंतर हॉस्पिटलची बिलं आणि ती भरायला वापरलेली क्रेडिट कार्डं असा डोंगर झाला, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये आम्ही दोघांनी न्यू जर्सीत चॅप्टर सेव्हन फाइल केलं. रिफंडच्या बाबतीत आमच्या हातून दोन चुका झाल्या. पहिली निस्तरली, दुसरी नाही.

पहिली चूक फॉर्मवर झाली. आपल्या मालकीचं सगळं काही ज्यात लिहायचं असतं, त्या १०६ए/बी फॉर्मवर २८ व्या ओळीत विचारलेलं असतं, की तुम्हाला टॅक्स रिफंड येणं आहे का. मी शून्य लिहिलं. लपवायचं म्हणून नाही. मनात इतकंच होतं की वर्ष संपलेलं नाही, रिटर्न भरलेलं नाही, मग कसला रिफंड? डिसेंबरच्या अखेरीस ट्रस्टीसमोर, म्हणजे घेणेकऱ्यांच्या वतीने आपली मालमत्ता तपासायला नेमलेल्या माणसासमोर, मीटिंग झाली. तिला सगळे '३४१ मीटिंग' म्हणतात. नाव घेणेकऱ्यांच्या सभेचं, पण घेणेकरी सहसा फिरकत नाहीत, आणि पाच-दहा मिनिटांत आटोपते. शपथ झाली आणि ट्रस्टीने विचारलं, "यंदा रिफंड किती येईल?" मी म्हटलं, "अजून रिटर्न भरलंच नाही." त्याने आमची पे स्टब, म्हणजे पगाराची पावती, पुढे सरकवली आणि वर्षभरात कापलेल्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, टॅक्सच्या आकड्यावर पेन टेकवलं. "हे पैसे तर कापले गेलेत ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि हाच मुद्दा तुम्ही आधी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. रिफंड म्हणजे सरकार पुढे कधीतरी देणार असलेली भेट नव्हे. दर पगारातून जरुरीपेक्षा जास्त कापून तिकडे साठत गेलेला तो तुमचाच पैसा असतो. म्हणून अर्जाच्या दिवसापर्यंत जेवढा साठला तेवढा तुमच्या मालमत्तेत धरला जातो, मग तो हातात केव्हाही येवो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये कोकोश्का विरुद्ध बेलफर्ड खटल्यात, पगारातून कापलेल्या टॅक्सचा रिफंड दिवाळखोराच्या मालमत्तेत येतो असंच ठरवलं. 'ही तर पगाराचीच रक्कम आहे' हा बचाव तिथे चालला नाही.

हिशेब साधारण दिवसांवर होतो. समजा तुमचा रिफंड ४,८०० डॉलर आहे आणि तुम्ही ३० सप्टेंबरला अर्ज केलात. वर्षाचे ३६५ पैकी २७३ दिवस झालेले असतात, म्हणजे साधारण ३,५९० डॉलर अर्जाआधीचे आणि उरलेले नंतरचे, निव्वळ तुमचे. हाच अर्ज जानेवारीत केलात तर मागच्या वर्षाचा अख्खा रिफंड मालमत्तेत येतो. म्हणजे वर्ष संपल्यापासून रिफंड येईपर्यंतचा काळ सगळ्यात अडचणीचा, आणि तुम्ही नेमके त्यातच आहात.

आता वाचवायचं कसं. मालमत्तेत आलं म्हणजे गेलंच, असं नाही. कायदा काही रकमेवर सूट देतो, ज्याला इथे एक्झेम्प्शन म्हणतात. फेडरल यादीत 'वाइल्डकार्ड' नावाची सूट आहे, ती कशालाही लावता येते, रिफंडलासुद्धा. १ एप्रिल २०२५ पासून ती माणशी १,६७५ डॉलर आहे, आणि घरासाठीची सूट वापरली नसेल तर तिच्यातले आणखी १५,८०० डॉलरपर्यंत तिला जोडता येतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय. नवरा-बायको मिळून अर्ज करत असतील तर दोघांना वेगवेगळी मिळते. आम्ही भाड्यानेच राहत होतो. वकीलबाईंनी मीटिंगनंतर लगेच फॉर्म दुरुस्त केला, रिफंड लिहिला, त्यावर वाइल्डकार्ड लावलं, आणि तो आमच्याकडेच राहिला. केस बंद व्हायच्या आत अशी दुरुस्ती करता येते. मात्र मुद्दाम लपवलेलं उघडकीस आलं तर कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते, मिळालेली असेल तर रद्दही होऊ शकते. रिफंडसाठी तो धोका पत्करू नका.

फेडरल यादी सगळीकडे चालत नाही, हे लक्षात ठेवा. न्यू जर्सी, टेक्सास अशी काही राज्यं निवड करू देतात. बरीच राज्यं आपलीच यादी वापरायला लावतात, आणि त्यातल्या काहींत रोख रकमेवरची सूट अगदी तुटपुंजी आहे. शिवाय गेल्या ७३० दिवसांत तुम्ही राज्य बदललं असेल तर जुन्या राज्याचे नियम लागू शकतात. नोकरीपायी राज्य बदलत राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सहसा कोणी सांगत नाही.

सूट पुरणार नसेल तर वकील बहुधा थांबायला सांगतील: रिटर्न लवकर भरा, रिफंड हातात येऊ द्या, गरजेच्या गोष्टींवर खर्च करा, मग अर्ज करा. यात लबाडी काही नाही. घरभाडं, किराणा, औषधं, गाडीची दुरुस्ती, वकिलाची फी, कोर्टाची ३३८ डॉलर फी, हे सगळं चालतं. फक्त प्रत्येक पावती जपून ठेवा. मी एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात ठेवत होते, आणि त्यातल्या दोन पावत्या खरंच मागितल्या गेल्या. पगारावर जप्ती सुरू झाली असेल तर मात्र थांबणं महाग पडतं, कारण अर्ज दाखल होताच ती थांबते. तेव्हा रिफंड वाचवायचा की पगार, हे कागदावर मांडून पाहा.

आता दुसरी चूक. एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे अर्जाच्या सात महिने आधी, त्या वर्षी आलेल्या रिफंडमधून आम्ही माझ्या दिरांचे ३,००० डॉलर परत केले. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी कसलाही कागद न करता दिले होते. बँकांचं पुढे काय व्हायचं ते होवो, घरच्यांचं देणं आधी फेडावं, आपण असेच वाढलेलो असतो. कायदा याच्या बरोबर उलट आहे. अर्जाआधीच्या एका वर्षात जवळच्या नातेवाइकाचं देणं फेडलं असेल तर ट्रस्टी ती रक्कम त्या नातेवाइकाकडून परत मागू शकतो, का तर बाकीच्या घेणेकऱ्यांवर अन्याय झाला. परक्या घेणेकऱ्यांसाठी ही मुदत ९० दिवसांची असते. दिरांना पत्र गेलं. त्यांनी एक शब्द न बोलता चेक पाठवला. रात्री फोनवर ते म्हणाले, "वहिनी, पैशाचं जाऊ दे, तू जेवलीस का?" त्यांचे पैसे आम्ही नंतर पुन्हा फेडले, केस संपल्यावर. तेव्हा ते आपल्या खुशीने करता येतं. रिफंड आला की तुमचाही हात आधी घरच्यांकडे जाईल. तो आवरा आणि आधी वकिलाशी बोला.

बाकी थोडक्यात. जुना इन्कम टॅक्स थकला असेल तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, रिफंड त्यात वळता करून घेऊ शकते, अर्ज असो वा नसो. रिफंड पुढच्या वर्षीच्या टॅक्सकडे वळवून ठेवला की सुटला, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कोर्टांनी तोही मालमत्तेत धरलेला आहे. जोडीदारापैकी एकानेच अर्ज केला आणि रिटर्न संयुक्त असेल तर वाटणी कशी करायची यावर कोर्टांची वेगवेगळी मतं आहेत, तिथे स्थानिक वकीलच हवा. चॅप्टर थर्टीन, म्हणजे हप्त्यांनी कर्ज फेडायची दिवाळखोरी, करणार असाल तर हप्ते तीन ते पाच वर्षं चालतात आणि बरेच ट्रस्टी दर वर्षीचा रिफंड मागतात. तिथे डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते नोकरीच्या ठिकाणी कळवायचा फॉर्म) बदलून टॅक्स बेताचा कापला जाईल असं करणं बरं, म्हणजे पैसा दरमहा घरात येतो. हप्ता ठरताना तेवढं उत्पन्न वाढीव धरलं जाईल, तेही वकिलाला विचारून घ्या.

तुमचं राज्य कोणतं, घर भाड्याचं की स्वतःचं, आणि गेल्या वर्षभरात नात्यातल्या कोणाला पैसे परत केलेत का, एवढं लिहिलंत तर वकिलाकडे जाताना काय विचारायचं ते आणखी नेमकं सांगता येईल.