डॅश एनने केलेला घात

प्रश्न : ताई, मी सांगलीचा, नोकरीला पुण्यात. मागच्या आठवड्यात गिटमधल्या (कोडच्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन) कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या पक्क्या नोंदीत, काय काय जाईल ते नुसतं बघायचं होतं, म्हणून ‘गिट कमिट’ या कमांडला डॅश एन (-n) हा पर्याय लावला आणि मेसेजही दिला. नको त्या फाइल पुसणाऱ्या ‘गिट क्लीन’ला डॅश एन म्हणजे रंगीत तालीम, खरं काही न करता नुसतं दाखवणं, तसंच इथं असेल असं धरून चाललो. मग खरं कमिट करायला गेलो, तर उत्तर आलं ‘नथिंग टू कमिट’, कमिट करायला काही नाही. काही कळेना, तसंच पुश केलं, म्हणजे सगळ्यांच्या सर्व्हरवर पाठवलं. टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड वर गेला. तो पकडणारा हूक (कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी) चाललाच नव्हता. सीनियर म्हणतात, मॅन्युअल वाचायचं. चूक कोणाची?

उत्तर : आधी तो पासवर्ड बदला, मग पुढचं वाचा. कमिट पुसून भागत नाही; तोवर कोणी ते ओढून घेतलं असेल.

चूक थोडी तुमची, जास्त गिटची. ‘क्लीन’, ‘ॲड’ आणि ‘पुश’मध्ये डॅश एन म्हणजे तालीमच. ‘मेक’ आणि ‘आरसिंक’ या गिटबाहेरच्या कमांडमध्येही तेच, त्यामुळे बोटांना ती सवय लागलेली असते. पण ‘कमिट’मध्ये त्याचा अर्थ ‘नो व्हेरिफाय’, म्हणजे हूक चालवू नको, कमिट मात्र कर. दुसरीकडचं कमिट उचलून आणणाऱ्या ‘चेरी-पिक’मध्ये कमिट करू नको, सर्व्हरवरचं नवं काम आणणाऱ्या ‘फेच’मध्ये टॅग (आवृत्त्यांची लेबलं) आणू नको. नकार सगळीकडे आहे, कशाला ते मात्र दर ठिकाणी वेगळं. 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट सुरू केलं तेव्हा ते सुट्या सुट्या लहान प्रोग्रॅमचं गाठोडं होतं. प्रत्येकाने आपापली अक्षरं स्वतःच ठरवली, सगळ्यांचं मिळून एक कोष्टक कोणी मांडलं नाही.

आता बदलताही येत नाही. जगभरच्या स्क्रिप्टमध्ये ती अक्षरं रुतून बसली आहेत. म्हणून गिटवाले जुनं तसंच ठेवून शेजारी नवं उभं करतात. ‘चेकआउट’ ब्रँचही (कामाची वेगळी फांदी) बदलायचं आणि फाइलमधले बदलही उडवायचं; 2019 च्या ऑगस्टमध्ये 2.23 आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ असे दोन वेगळे कमांड आले. मी ज्युनिअरांना ‘स्विच’च शिकवते, आणि स्वतः अजून नव्या ब्रँचसाठी जुनंच ‘चेकआउट डॅश बी’ मारते. काय करणार!

माझं मत विचाराल, तर एका अक्षराचा पर्याय रोजच्या, निरुपद्रवी कामाला द्यावा. काही मोडणार असेल तिथे माणसाला अख्खा शब्द टाइप करायला लावावा. कमिट न केलेले बदल उडवणारं ‘रिसेट’चं ‘डॅश डॅश हार्ड’ तसं आहे, त्याला छोटं रूप नाही. ‘पुश’मध्ये मात्र नेमकं उलटं. दुसऱ्याचं काम चिरडणारा जोर (फोर्स) ‘डॅश एफ’, दोन कळा दाबल्या की झालं. आणि मधे कोणी काही पुश केलंय का, हे तपासून मगच पुढे जाणारं ‘फोर्स-विथ-लीज’ एवढं लांबलचक! मी त्याचं ‘पीएफ’ असं एलियस, म्हणजे छोटं टोपणनाव, करून ठेवलंय. त्यातही एक खोच आहे : तुमचा एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल, तर ती तपासणी फसते, कारण दुसऱ्याचं नवं काम तुम्ही पाहिलंच आहे असं गिट धरून चालतं.

तुमच्या सीनियरना सांगा, मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे, खरंच आहे. पण ज्याला अर्थ माहीत आहे असं वाटतं, तो मॅन्युअल उघडेल कशाला? ‘कमिट’ची तालीम हवी असेल तर ‘डॅश डॅश ड्राय-रन’ असं पूर्ण लिहा, नाहीतर कमिटसाठी निवडून ठेवलेले बदल दाखवणारं ‘गिट डिफ डॅश डॅश स्टेज्ड’ बघा. आणि पासवर्डची तपासणी सर्व्हरवरही बसवायला सांगा. तुमच्या मशीनवरचा हूक उद्या दुसरा कोणीतरी असाच चुकवेल, तोही बहुधा नकळत.