सप्तपदी मसाई पठारावर चालेल का?

प्रश्न: वकीलमॅडम, मी 24 वर्षांची, राहणार कोल्हापूर, घर जैन. तो 27 वर्षांचा, मराठा, मूळचा पन्हाळा तालुक्यातला, दोन वर्षांपासून पुण्यात नोकरीला आणि तिथंच भाड्यानं राहतो. दोन्ही घरांतून विरोध आहे आणि माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालंय. हॉल, बँड, पंगती आम्हाला कधीच नको होत्या. पाच-सहा मित्र आणि उघडं आभाळ, बास. मनात तीन जागा आहेत: पन्हाळ्यावर सज्जा कोठीजवळ, मसाई पठार, नाहीतर दाजीपूरचं जंगल. एका मित्राचं गडाखाली शेत आहे, पण ते फारच साधं वाटतं. धर्म वेगळे असल्यानं कोर्ट मॅरेजच करावं लागेल असं सगळे सांगतात. नोटीस कोल्हापुरात लागली तर घरी कळणार, म्हणून ती पुण्यात द्यायची आणि लग्न इथं येऊन करायचं, असा बेत आहे. जागा कुठली निवडावी? (आर., कोल्हापूर)

उत्तर: तुम्ही जागा विचारलीय, पण तुमचा बेत अडकणार आहे तो पुण्याच्या नोटिशीत. म्हणून आधी ती सोडवू.

ज्याला सगळे कोर्ट मॅरेज म्हणतात त्याचा कोर्टाशी काही संबंध नसतो. ते लग्न विशेष विवाह कायदा, 1954 खाली विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग किमान 30 दिवस राहिलाय, तिथं नोटीस देता येते. त्यामुळे पुण्यात देण्यात काहीच चूक नाही. पण कलम 6 चं तिसरं पोटकलम सहसा कुणी वाचत नाही. नोटीस देणाऱ्यांपैकी कुणी त्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी नसेल, तर तिची प्रत त्याच्या कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. तुम्ही दोघंही कोल्हापूर जिल्ह्याचे. म्हणजे पुण्यात दिलेली नोटीस आपसूक कोल्हापुरात येणार. आणि आपल्याकडच्या पेठांमध्ये अशी बातमी फलकावरून घरापर्यंत पोचायला एक चहा पुरतो.

दुसरी अडचण अंतराची. हे लग्न कार्यालयाबाहेर लावता येतं, आणि हे फार कमी जोडप्यांना माहीत असतं. कलम 12 प्रमाणे जास्तीची फी भरून, कार्यालयापासून वाजवी अंतरावर, तुम्हाला हव्या त्या ठिकाणी अधिकाऱ्याला बोलावता येतं. पण पुण्याचा अधिकारी सव्वादोनशे किलोमीटरवर मसाई पठारावर येईल, याला कुणी वाजवी अंतर म्हणणार नाही. नोटीस पुण्यात दिली तर लग्न पुण्यातच, असं धरून चाला. शिवाय नोटिशीनंतर 30 दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकावं लागतं, नाहीतर पुन्हा नवी नोटीस. त्या 30 दिवसांत हरकत घेता येते ती फक्त वय, आधीचं लग्न हयात असणं, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नातं याच मुद्द्यांवर. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होत नाही. पण घरी कळायचं ते तोवर कळलेलं असतं.

आता बरी बातमी. तुम्हाला या वाटेनं जायलाच नको. ‘धर्म वेगळे’ हे तुमच्या मित्रांनी परस्पर ठरवलेलं आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 हिंदूंना लागू आहे, तसाच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही. लिंगायतांचा तर त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. जैन मुलगी आणि मराठा मुलगा या कायद्याखाली सरळ लग्न करू शकतात. नोटीस नाही, 30 दिवसांची वाट नाही, फलक नाही. आणि लग्न कुठं लावायचं, याबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही. देऊळ, हॉल, अंगण, बांध, काहीही चालतं.

कायदा बोलतो ते विधींबद्दल. कलम 7 सांगतं की दोघांपैकी कुणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. उघड्यावर, मोजक्या माणसांत लग्न करणारी जोडपी घसरतात ती नेमकी इथं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली होती. सुंदर अल्बम होता: डोंगरमाथा, धुकं, दोघांच्या गळ्यात हार, वाऱ्यानं उडालेला अंतरपाट हसत पकडणारे मित्र. मी विचारलं, सात पावलं कुठल्या फोटोत आहेत? नव्हतीच. भटजींना वर चढवायला नको म्हणून त्यांनी एकमेकांना हार घातले, एका मित्राला मोबाइलवरून मंगलाष्टकं म्हणायला लावली आणि खाली येऊन मिसळ खाल्ली. नंतर नवऱ्यानं हात वर केले. लग्न झालं होतं हे सिद्ध करताना त्या मुलीच्या नाकी नऊ आले.

उलट बाजूनंही हेच आहे. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली लग्नच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं. त्यामुळे ‘एका दिवसात लग्न, हातात सर्टिफिकेट’ अशी जाहिरात करणाऱ्यांच्या नादी लागू नका. आळंदीला पळून जाण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. तिथं लग्न लावून घेण्यात गैर काही नाही, पण विधी खरोखर होतायत का, हे डोळ्यांनी बघायला लागतं.

आता तुमच्या तीन जागा.

पन्हाळा मला जीव की प्राण, पण लग्नाला नको. सज्जा कोठी, तीन दरवाजा, अंबरखाना या वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. 1959 च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात मेळावा, समारंभ, पार्टी यांपैकी काहीही केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय होत नाही. तिथं आधीपासून चालत आलेल्या धार्मिक रूढीच्या कार्यक्रमाला सूट आहे, पण तुमचं लग्न त्यात बसत नाही. जुलै 2025 मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा यापुढे तिथलं लक्ष वाढेल, कमी होणार नाही. आणि कायद्याचं सोडा, रविवारी सकाळी सज्जा कोठीवर अख्खं कोल्हापूर असतं. त्यात तुमच्या आत्याही असतील.

दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य. आत शिरायला वन्यजीव कायदा, 1972 खाली परवाना लागतो. तो कशासाठी मिळतो ते कलम 28 मध्ये दिलंय: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, तिथल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार. लग्न त्यात नाही. पर्यटक म्हणून शिरायचं आणि आत लग्न लावायचं, हा शहाणपणा गव्यांसमोर आणि वनरक्षकासमोर करू नका. पावसाळ्यात तर अभयारण्य बंदच असतं.

मसाई पठाराबद्दल मात्र मला वाईट वाटतं, कारण ती जागा खरंच तुमच्या मनासारखी आहे. पण ते आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि अभयारण्याचे काही नियम तिथं जसेच्या तसे लागतात. त्यातलंच एक कलम 30: क्षेत्राला धोका होईल अशा रीतीनं आग पेटवायची नाही. सप्तपदी घालायची कशाभोवती? होमाभोवती. दिवाळीनंतर पठारावर वाळलेलं गवत गुडघ्यापर्यंत आणि वारा असा की डोक्यावरची टोपी खाली दरीत जाते. त्यात तुपाची आहुती द्यायला गेलात तर मंगलाष्टकांच्या आधी वनखात्याची जीप येईल, आणि त्यात मी वनखात्याच्या बाजूनं असेन. फोटोला जरूर जा. देवीला नमस्कार करा. होम तिथं नको.

राहिलं ते मित्राचं शेत, जे तुम्हाला साधं वाटतं. मी वकील म्हणून तेच निवडेन. खासगी जमीन, मालकाची परवानगी, आजूबाजूला बघे नाहीत. फक्त एक करा. शेत मित्राचं असं आपण म्हणतो, पण सातबारा आजोबांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर निघतो. उतारा काढा, ज्यांचं नाव असेल त्यांच्याकडून चार ओळींची संमती सहीनिशी लिहून घ्या. ऐन वेळी ‘माझ्या रानात हे काय चाललंय’ म्हणून कुणी आलं, तर तो कागद कामाला येतो. शेत नवऱ्यामुलाच्या गावापासून दोन-तीन गावं लांब असलेलं बरं. होम विटांच्या कुंडात, शेजारी पाण्याची घागर, आणि लगतचा ऊस तोडून झालेला असला तर उत्तमच.

विधी कुणाच्या पद्धतीनं, हे आधी ठरवा. भटजी असोत की तुमच्याकडचे उपाध्ये, पूर्ण विधी करणारे आणि नंतर सही करणारे हवेत. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार विवाह नोंदणी 90 दिवसांत करायची असते. अर्जावर तुमच्या दोघांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या सह्या लागतात. 90 दिवस थांबू नका, त्याच आठवड्यात नोंदवा. साक्षीदार असे निवडा जे उद्या घरच्यांच्या दबावाला बधणार नाहीत. पाच मित्रांमध्ये असे तीन नक्की कोण, ते तुम्हालाच माहीत. सप्तपदीचे फोटो काढणाऱ्याला सांगून ठेवा: सातही पावलं, माणसांसकट, एकाच व्हिडिओत.

आता घरच्यांचं. तुम्ही सज्ञान आहात. आईवडील फार तर संबंध तोडू शकतात, धमकी किंवा छळ करू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्येच सांगितलं. 2018 च्या निकालात अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा, असे आदेश आहेत. लग्न झाल्या दिवशीच पोलीस अधीक्षक कार्यालयात दोघांच्या सहीचा अर्ज द्या: आम्ही सज्ञान, स्वखुशीनं लग्न केलं, संरक्षण द्यावं. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जोडा, लग्नाचे फोटो जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली तर हीच पोच पोलिसांना दाखवायची. दाद लागली नाही तर उच्च न्यायालय, आणि त्यासाठी आता मुंबईची गाडी धरावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच बसतं. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1919 साली आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली, तिथल्या मुलीला 2025 पर्यंत यासाठी मुंबई गाठावी लागत होती, याची मला नेहमी गंमत वाटायची.

घरातून निघताना एक गुंजभरही सोनं घेऊ नका. आईनं तुमच्यासाठीच केलेल्या बांगड्या असल्या तरी नाही. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत निम्मा त्रास लग्नाचा नव्हता, चोरीच्या तक्रारीचा होता. कपडे, कागदपत्रं, स्वतःच्या पगाराचं पासबुक, एवढंच.

लग्न सकाळी लवकर लावा, दुपारपर्यंत अधीक्षक कार्यालय उघडं सापडतं. पठारावरचे फोटो दुसऱ्या दिवशी काढता येतील. या आठवड्यात दोन कामं करा: सातबारा काढा, आणि उपाध्यांना सरळ विचारा, नोंदणीच्या अर्जावर सही करणार का? आढेवेढे घेतले तर दुसरे बघा.