युरोपची मध्ययुगीन चित्रं सांगलीत बसून शिकायची, शिकवायची कशी?

प्रश्न : मी सांगलीला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे, विषय इतिहास. वर्षभर नेटवर युरोपातली मध्ययुगीन कला बघते आहे : बुक ऑफ केल्स आणि लिंडिसफार्न गॉस्पेल्स या सचित्र पोथ्या, शार्त्रच्या चर्चच्या रंगीत काचा, बायोचा भरतकामाचा पट. हे नीट शिकावं आणि पुढे ऑनलाइन शिकवावं असं वाटतं. मला चित्रकला येत नाही, लॅटिनही नाही. बाबा म्हणतात, "परदेशातल्या जुन्या पोथ्या बघून पोट भरतं का?" काय करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तोच घेते. फक्त युरोपची मध्ययुगीन कला शिकवायची नोकरी आपल्याकडे जवळपास नाहीच. कॉलेजात कला-इतिहास शिकवणाऱ्याला अजिंठ्यापासून आजच्या चित्रकारांपर्यंत सगळं शिकवावं लागतं. त्यात तुझ्या आवडीच्या भागाला एखाद्या घटकापुरती जागा मिळते. हे मान्य असेल तर पुढचं वाच.

चित्रकला येत नाही याची काळजी सोडून दे, या विषयाला ब्रश लागत नाही. काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तुझ्या पत्रात चार मोठी नावं एका दमात आली आहेत, आणि त्यातल्या एकाबद्दलही तुला काय दिसलं ते नाही. म्हणून आता सहा महिने एकच हस्तलिखित घे. मी अॅबरडीन बेस्टियरी सुचवेन. इ. स. 1200 च्या आसपास इंग्लंडमध्ये तयार झालेला हा प्राणिग्रंथ स्कॉटलंडच्या अॅबरडीन विद्यापीठाकडे आहे. त्यांनी तो पानन् पान नेटवर ठेवला आहे, सोबत लॅटिन मजकूर, इंग्रजी भाषांतर आणि टिपणंही आहेत. लॅटिन न येणाऱ्याला यापेक्षा सोयीची सुरुवात मिळणं कठीण.

त्यातलं वाघिणीचं पान उघड. शिकारी बछडं पळवून घोड्यावरून निघतो, वाघीण गाठतेय असं दिसलं की काचेचा गोळा टाकतो. तिला त्यात आपलंच छोटं प्रतिबिंब दिसतं, बछडं समजून ती थांबते. काढणाऱ्याने वाघ कधी पाहिला नसावा, हे चांदोलीच्या जंगलाजवळची पोरं क्षणात ओळखतील. खरा वर्ग तिथेच सुरू होतो. न पाहिलेला प्राणी त्याने कशावरून काढला? मग पान मोठं करून बघ. काही चित्रांच्या रेषांवर टोचलेली बारीक भोकं सापडतील. भोकं पाडायची, वरून कोळशाची पूड फिरवायची, की चित्र खालच्या कागदावर किंवा चामड्यावर उतरतं. वाघ आधीच्या ग्रंथातून आला, तो त्याच्याही आधीच्या ग्रंथातून. आपल्याकडे रांगोळीच्या छाप्याच्या कागदाला अशीच भोकं असतात, मुलांना वेगळं समजवावं लागणार नाही.

स्क्रीन फसवते, हेही शिकवताना सांगावं लागतं. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात फ्रान्सच्या झान देव्ह्रो राणीचं प्रार्थनापुस्तक आहे. झां प्युसेल या चित्रकाराने 1324 ते 1328 च्या दरम्यान रंगवलेलं हे पुस्तक तुझ्या मोबाइलहूनही लहान आहे. प्रोजेक्टरवर टाकलंस की मुलांना ते भित्तिचित्र वाटणार. उलट बायोचा पट जेमतेम अर्धा मीटर उंच आणि 68 मीटरहून लांब. कॉलेजच्या व्हरांड्यात सुतळी ताणून दाखव, मगच स्क्रीनवर सरकव. सोन्याच्या वर्खाची चमक मात्र कुठल्याच स्क्रीनवर येत नाही, तिथे हात टेकावेत.

फी घेऊन शिकवणार असशील तर छायाचित्रं वापरण्याच्या परवान्याकडे दुर्लक्ष करू नकोस. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन (मेट) संग्रहालयाने 2017 पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं कुठल्याही वापरासाठी मोकळी केली आहेत. लॉस एंजेलिसचं गेटी आणि बाल्टिमोरचं वॉल्टर्स या संग्रहालयांकडेही असंच उदार धोरण आहे. स्वित्झर्लंडच्या ई-कोडिसेस या हस्तलिखितांच्या संकेतस्थळावरची बरीच छायाचित्रं मात्र फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहेत. प्रत्येक चित्राखाली संग्रहालय, हस्तलिखिताचा क्रमांक आणि पान लिहून ठेवायची सवय लाव. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं कित्येक महिने बंद राहिली. नुसत्या लिंका जपणाऱ्यांच्या हाती काही उरलं नाही.

आता पोटाचं. एक वाट अमेरिकी अभ्यासक्रमाची. तिथल्या कॉलेज बोर्डाच्या एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास) आर्ट हिस्टरी या विषयात 250 कलाकृती नेमलेल्या आहेत. त्यात लिंडिसफार्न, शार्त्र, बायो ही तुझी मंडळी आहेत आणि सांचीचा स्तूपही आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलंही हा विषय घेऊ शकतात. ऑनलाइन शिकवणीला इथे खरी जागा आहे, मात्र 250 च्या 250 यायला हवीत. तयारीसाठी स्मार्टहिस्टरी हे कला-इतिहासाचं संकेतस्थळ मोफत आहे आणि चांगलं आहे. मोफत कोर्सच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा मात्र जमवू नकोस, मुलाखतीत तो कोणी उघडत नाही.

बी. ए.नंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला-इतिहासात पदव्युत्तर पदवी घे. माझी पहिली पसंती तीच. संग्रहालयाकडे कल असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर डिप्लोमा बघ. पुढे कॉलेजात शिकवण्यासाठीची नेट परीक्षा. कर्ज काढून लगेच परदेशी जाण्याच्या मी विरोधात आहे. लॅटिन वाचता येत नसताना तिकडे मध्ययुगाचा अभ्यास म्हणजे इंग्रजी पुस्तकांची उजळणी, आणि ती सांगलीतही होते. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंगसारख्या शिष्यवृत्तीला कामाचा अनुभवही लागतो. तोवर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजचे लॅटिनचे मोफत धडे रोज अर्धा तास कर.

आणि पुण्याला एक चक्कर मार. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात 'तारीफ-इ-हुसेनशाही' आहे, अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं सोळाव्या शतकातलं सचित्र फारसी काव्य. त्यात सुलतानाशेजारी बसलेली राणी खुंझा हुमायूं नंतर बहुतेक ठिकाणी पुसून टाकली आहे. कोणी पुसली, का पुसली, यावर तुझा एक तास सहज रंगेल. बेस्टियरीइतकंच हेही नीट मांडू शकणारी शिक्षिका बडोद्याच्या मुलाखतीत वेगळी उठून दिसेल. मूळ प्रत बघायला मिळेलच असं नाही. आधी पत्र पाठव, कॉलेजचं शिफारसपत्र जोड.

बाबांना सांग, या सहा महिन्यांचा खर्च इंटरनेटचं बिल आणि पुण्याचं एसटीचं तिकीट एवढाच आहे.