विनोदी नटाला गंभीर भूमिका देताना

प्रश्न : आम्ही गावातली मंडळी मराठी लघुपट करतोय. मुलगा गमावलेल्या बापाची भूमिका ज्यांना दिलीय, ते जत्रेच्या नाटकांत कायम विनोदी कामं करतात. मेहनत खूप घेतात, पण चाचणीचं चित्रीकरण दाखवलं तेव्हा ते दिसताच लोक हसले. नट बदलावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : अजिबात बदलू नका. लोक सवयीनं हसले. ती सवय पहिल्या मिनिटातच मोडावी लागते.

पहिल्या शॉटमध्ये ते पाठमोरे किंवा बाजूनं दिसू देत, हातात खरं काम असू दे : सुपारी सोलणं, जाळं शिवणं. 15-20 सेकंद संवाद नको. क्लोजअप नंतर घ्या. 24 मिलिमीटरच्या लेन्सनं जवळ जाऊन घेतलात तर नाक पुढे येतं आणि चेहरा उगाच गमतीदार दिसतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (म्हणजे 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) 50 ते 85 मिलिमीटरची लेन्स बरी.

खरी अडचण टायमिंगची. रंगमंचावर विनोदी नट वाक्य टाकून हशासाठी थांबतो. तोच थांबा कॅमेऱ्यासमोर आला की दुःखाचं वाक्यही विनोदाचा ठोसा (पंच) वाटतं. वाक्य संपलं तरी हातातलं काम सुरूच ठेवायला सांगा. तरीही थांबा उरलाच, तर संकलनात तिथेच कापून समोरच्या पात्रावर जा. सहकलाकारांनाही सांभाळा, वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते या नटाला हशाची जागा करून देतात. खोटी दाढी नकोच, तिच्याआड ओळखीचा माणूस शोधण्यातच प्रेक्षक गुंततो.

आवाज मात्र बदलायला लावू नका. 'सिंहासन' (1979) पाहा. पडद्यावरचे खलनायक म्हणून गाजलेले निळू फुले त्यात पत्रकार दिगू टिपणीस आहेत. आवाज तोच, पण त्यातली जरब गेलेली. बराच वेळ ते नुसतं ऐकतात, बघतात, आणि तेवढ्यानं माणूस उभा राहतो. फार मोठं काम आहे ते!

प्रश्न : पोस्टरवर त्यांचा हसरा फोटो टाकला तर गर्दी होईल ना?

उत्तर : होईल, पण ती हसायला आलेली असेल. 'एक होता विदूषक' (1992) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांनी सोंगाड्याची शोकात्म भूमिका जीव ओतून केली, तरी तिकीटबारीवर चित्रपटाला यश आलं नाही. नाव मोठ्या अक्षरांत द्या, फोटो मात्र त्या सुपारी सोलणाऱ्या बापाचाच घ्या.