वीसच्या जागी पाचची गोळी, आणि आता मेडिकलवाला सही मागतोय

प्रश्न: ऐरोलीत राहते. सासूबाई ६१ वर्षांच्या. पेम्फिगससाठी (अंगावर फोड येण्याचा आजार) तीन महिने रोज ४० मिग्रॅ. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू होतं, मग दर दोन आठवड्यांनी ५ मिग्रॅ. कमी करत २५ वर आलो. पुढच्या चिठ्ठीवर २० होतं. मेडिकलमधून ५ मिग्रॅ.च्या १४ गोळ्या मिळाल्या, पाकिटावर 'रोज १' लिहून. नवव्या दिवशी जुलाब सुरू झाले, दहाव्या दिवशी उलट्या, चक्कर, बीपी ८० वर. तीन दिवस आयसीयू, बिल १ लाख ८६ हजार. डॉक्टर म्हणतात चूक दुकानाची, दुकानदार म्हणतो अक्षर वाचता येत नव्हतं. आता तो २५ हजार देऊ करतोय, स्टॅम्प पेपरवर 'काही तक्रार नाही' असं लिहून मागतोय आणि उरलेल्या गोळ्या 'कंपनीला परत करायच्या' म्हणतोय. हे घडून पाच आठवडे झाले. एक सांगायला हवं, चेहरा सुजतो म्हणून सासूबाईंनी या घटनेच्या आधीच्या महिन्यात दोन दिवस गोळी घेतली नव्हती. काय करू?

उत्तर: ताई, सही करू नका आणि ती स्ट्रिप कुणाच्याही हातात देऊ नका. उरलेल्या चार गोळ्या, 'रोज १' लिहिलेलं पाकीट, बिल आणि मूळ चिठ्ठी ही तुमची सगळी केस आहे. स्ट्रिपवरचा बॅच नंबर आणि 'मिग्रॅ.' दिसेल असे फोटो काढा आणि वस्तू लिफाफ्यात बंद करून ठेवा. कंपनीला परत करायच्या असतील तर दुकानदाराने स्वतःच्या साठ्यातल्या कराव्यात.

चूक डॉक्टरांची की दुकानदाराची, हे ठरवायच्या फंदात तुम्ही पडू नका. एकट्या दुकानदारावर तक्रार केली तर तो गैरहजर डॉक्टरांच्या अक्षरावर ढकलेल, एकट्या डॉक्टरांवर केली तर ते दुकानावर. दोघांनाही एकाच तक्रारीत विरुद्ध पक्ष करा. मग एकमेकांचे दोष तेच दाखवतील, आणि कुणावर किती जबाबदारी हे ग्राहक आयोग ठरवील.

दुकानदाराची बाजू कमजोर आहे. प्रेडनिसोलोन शेड्यूल एचमधलं औषध आहे. १९४५च्या औषध नियमावलीतल्या नियम ६५ प्रमाणे ते नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली, चिठ्ठीवरच द्यायचं असतं, आणि चिठ्ठीतल्या औषधाऐवजी दुसरं काही, अगदी तोच घटक असलेलंही, परस्पर द्यायचं नसतं. २० ची स्ट्रिप नसेल तर डॉक्टरांना विचारून ५ च्या चार गोळ्या देता आल्या असत्या, पण मग पाकिटावर 'रोज ४' लिहायला हवं होतं. आणि अक्षर खरंच लागत नव्हतं, तर गोळ्या दिल्या कशाच्या आधारावर? न कळणाऱ्या चिठ्ठीवर फोन करून विचारायचं असतं, अंदाज बांधायचा नसतो. त्याचा बचावच त्याच्या अंगाशी येतो.

डॉक्टरही मोकळे नाहीत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत २०१६ साली दुरुस्ती होऊन औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायचं ठरलं आहे. चिठ्ठीची झेरॉक्स दोन-तीन वेगळ्या मेडिकलमध्ये नेऊन नुसतं 'हे किती मिलिग्रॅमचं वाचता?' विचारा. सगळे वीस म्हणाले तर डॉक्टरांवरचा भार हलका होतो, गोंधळले तर वाढतो. त्याहून मोठा प्रश्न असा, की 'गोळी अचानक बंद करू नका, उलट्या-जुलाब झाले तर लगेच कळवा' हे त्यांनी कुठे लिहून दिलं होतं का? दिलं नसेल तर ती त्रुटी अक्षरापेक्षा जड आहे.

समोरचा वकील खरा हल्ला कारणावर करील. शरीर रोज स्वतः जेवढं कॉर्टिसोल (ताण पेलायला लागणारं हॉर्मोन) बनवतं ते साधारण ५ मिग्रॅ. प्रेडनिसोलोनच्या आसपास भरतं. तेव्हा तो म्हणेल, 'पाच मिळतच होते, संकट जुलाबाने आलं.' यावर उत्तर वैद्यकीयच हवं. काही महिने जास्त डोस चालला की अॅड्रिनल ग्रंथी (कॉर्टिसोल बनवणारी) मंदावते. निरोगी माणसाचं शरीर आजारपणात जादा कॉर्टिसोल तयार करतं, ते यांना जमत नाही आणि सगळा भार गोळीवर येतो. २० चालू असते तर जुलाबाच्या ताणाला बराच आधार राहिला असता. २५ वरून २० ही पाचवा हिस्सा कपात, २५ वरून ५ म्हणजे ऐंशी टक्के. हे तुम्ही सांगून भागणार नाही, उपचार करणाऱ्या फिजिशियन किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून (हॉर्मोनच्या डॉक्टरांकडून) लेखी घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'गॅस्ट्रो' लिहिलं असेल तर आजच जा. त्यांच्या निदानात अॅड्रिनलचा भाग असेल तर तो आणि डोस एकदम कमी झाल्याचा उल्लेख कार्डावर यायला हवा. दाखल होतानाचं बीपी, सोडियम, साखर, हायड्रोकॉर्टिसोनचं (स्टेरॉइडचं) इंजेक्शन कधी दिलं आणि त्यानंतर किती वेळात बीपी सुधारलं, हे सगळं केसपेपरवर असतं. लेखी अर्ज करून पूर्ण केसपेपर मागा. आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं आहे, पण तुमच्या केसमध्ये त्या वाक्यावर विसंबू नका.

दोन दिवस चुकवलेल्या गोळ्या लपवू नका. उलटतपासणीत निघालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. तक्रारीतच लिहा की त्या या घटनेच्या आधीच्या महिन्यातल्या होत्या, त्यानंतर डोस नियमित चालू होता आणि तेव्हा त्रास झाला नाही. 'स्ट्रिपवर ५ छापलं होतं, वाचायला हवं होतं' असंही म्हणतील. त्यावर थोडीफार भरपाई कापली जाऊ शकते, केस पडत नाही.

तक्रारी कुठे, तर सर्वांत आधी ठाण्याच्या अन्न व औषध प्रशासनात, सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे. त्या दिवशी काउंटरवर फार्मासिस्ट होता का, बिलावर सही कुणाची, विक्रीची नोंद काय, हे औषध निरीक्षक तपासू शकतो, तुम्ही नाही. नंतर त्याचा अहवाल माहिती अधिकारात मागा. दुकानाला सीसीटीव्ही जपून ठेवण्याची नोटीस द्या, जरी पाच आठवड्यांनी बहुधा ते पुसलं गेलं असेल. बिल घेतलं नसेल तर यूपीआयचा व्यवहार चालतो.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. ऐरोलीसाठी कोकण भवनातल्या नवी मुंबईच्या अतिरिक्त आयोगात आधी चौकशी करा. ऑनलाइन दाखल करायचं तर ई-जागृती पोर्टल. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नाही, तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावर असतं. तो पाच लाखांपर्यंत असेल तर शून्य. मुदत दोन वर्षं. विरुद्ध पक्षाला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापुढे आयोगही देऊ शकत नाही. निकालाला कायद्यातल्या तीन महिन्यांपेक्षा बराच वेळ लागतो, हे धरून चला.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. डॉक्टरांवर फौजदारी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं आहे. त्यात महिने जातील आणि हाती पैसाही येणार नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिथे नोंदणीवर कारवाई होते, भरपाई मिळत नाही.

आणि ते २५ हजार? बिलाच्या सातव्या हिश्श्याइतकेही नाहीत. तडजोड करायचीच तर तक्रार दाखल करून आयोगासमोर करा. तिथे रक्कम आणि अटी दोन्ही नोंदल्या जातात.

सासूबाईंचा डोस अजून कमी होत असेल तर अंगदुखी, थकवा, भूक मंदावणं हे त्या काळात होतं. सुजलेल्या चेहऱ्याला कंटाळून त्यांनी आता परत गोळी बंद केली तर जिवाला धोका आहे, आणि समोरच्याला 'पेशंटची सवयच अशी' म्हणायला आयतं मिळेल. उलटीतून गोळी पडली, चक्कर आली, तर वाट न पाहता कॅज्युअल्टीत न्या. पर्समध्ये 'स्टेरॉइड चालू आहे' अशी डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी ठेवा. तारीख, डोस, बीपी, त्रास एका वहीत रोज लिहा, पुढे शपथपत्राला हीच वही लागेल.

तक्रार सासूबाईंच्या नावाने करा, तुमच्या नाही. त्यांना हेलपाटे जमत नसतील तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन तुम्ही हजर राहा. शपथपत्र मात्र दोघींचं द्या, कारण काउंटरवर गोळ्या तुम्ही घेतल्या असतील तर तिथे काय बोलणं झालं ते तुम्हालाच सांगता येईल.