युद्धस्मारक बघताना आधी नावं वाचावीत

वेगवेगळे देश जुन्या युद्धांची आठवण कशी जपतात, आणि पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात इतके भारतीय सैनिक लढूनही आपल्याकडे त्याचं काहीच का दिसत नाही, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं पहिल्यातच आहे, म्हणून आधी बाहेरचं सांगतो.

मला युद्धस्मारकं बघायची खोड आहे. घरचे वैतागतात, पण ते असो. तोफा, पुतळे, अखंड ज्योत हे सगळं नंतर. आधी मी दगडावरची नावं वाचतो. कोणाची आहेत, कोणत्या क्रमाने आहेत आणि कोणाची नाहीत. भाषणं सगळ्या देशांत सारखीच असतात, नावांच्या यादीत मात्र लपवाछपवी चालत नाही.

ब्रिटनपासून सुरुवात करू, कारण आपला संबंध तिथेच सगळ्यात जास्त. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने ठरवलं की मृतदेह घरी आणायचे नाहीत, जिथे पडले तिथेच पुरायचे. त्यामुळे लाखो घरांना रडायला कबरच नव्हती. १९१९च्या जुलैत विजय संचलनासाठी ल्यूटेन्स या वास्तुविशारदाने लंडनमध्ये लाकूड आणि प्लास्टरचं एक तात्पुरतं रिकामं थडगं उभं केलं. लोकांनी तिथे फुलांचे ढीग लावले, आणि सरकारला पुढच्या वर्षी तेच पक्क्या दगडात बांधावं लागलं. हेच ते सेनोटाफ. दर नोव्हेंबरात तिथे दोन मिनिटं स्तब्धता पाळतात, आणि त्या दिवसांत कोटावर लाल खसखशीचं कागदी फूल न लावता टीव्हीवर आलेल्या माणसाची धडगत नसते.

परदेशातल्या दफनभूमींचा नियमही तेव्हाच ठरला: जनरल असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा, आणि प्रत्येकाचं नाव कुठेतरी कोरलेलं. कागदावर फार उदात्त. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला १९२७मध्ये उभारलेल्या स्मारकावर ४,७००हून जास्त भारतीयांची नावं खरोखरच आहेत. पण इराकमध्ये बसऱ्याला जा. ६वी पूना डिव्हिजन, म्हणजे पुण्याहून गेलेली फौज, तिकडेच लढली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. एप्रिल १९१६मध्ये अन्न संपल्यावर सुमारे १३,००० जण तुर्कांना शरण गेले, आणि त्यांतले कितीतरी कैदेत मेले. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं होती, भारतीय अधिकाऱ्यांचीही होती. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीनुसार फक्त आकडा. अमुक पलटण, इतके जण. युरोपात लोक येऊन बघणार, तिथे नाव. वाळवंटात कोण बघतंय, तिथे आकडा. हा माझा तिरकसपणा नाही. या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानेच २०२१मध्ये चौकशी अहवाल काढून आफ्रिका आणि मध्यपूर्वेत असा भेदभाव झाल्याचं कबूल केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षं लागली, पण कबूल केलं.

जर्मनीची गोष्ट सगळ्यांत वेगळी. हरलेल्या देशाने आपले मेलेले आठवायचे कसे? तेही आठवतात, नोव्हेंबरातला एक रविवार त्यासाठी ठेवलेला आहे. पण सूर विजयाचा नाही, आणि तो जपताना दर वेळी पाय घसरायची भीती असते. १९८५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन जर्मनीत बिटबुर्गच्या सैनिकी दफनभूमीत गेले, तिथे एसएसवाल्यांच्या, म्हणजे हिटलरच्या कट्टर नाझी दलातल्यांच्याही कबरी निघाल्या, आणि जगभर गदारोळ झाला. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते रस्त्यावर आहे. नाझींनी ज्यांचा बळी घेतला त्यांच्या जुन्या घराच्या दारासमोर फुटपाथमध्ये पितळी पत्रा लावलेला दहा सेंटिमीटरचा एक चौकोनी दगड. त्यावर ‘इथे राहत होता’, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं आणि कुठे मारलं. गुंटर डेमनिग या कलाकाराने हे नव्वदच्या दशकात सुरू केलं आणि २०२३मध्ये युरोपभरात असे एक लाख दगड पूर्ण झाले. आपण केलेल्या गुन्ह्याचं स्मारक आपल्याच दारात लावून घेणारे देश जगात फार नाहीत.

त्यावरही वाद आहेच. म्युनिक शहराने सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवायला परवानगीच दिली नाही, कारण तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख बाई, ज्या स्वतः त्या काळातून वाचलेल्या, म्हणाल्या की आमच्या माणसांच्या नावांवर पुन्हा कोणी पाय देऊ नये. म्हणून तिथे भिंतीवर पाट्या लावतात. मला दोन्ही बाजू पटतात.

जपानमध्ये प्रकरण उलटं फिरतं. टोकियोच्या यासुकुनी मंदिरात देह नाहीत, फक्त युद्धात मेलेल्यांची नावं आहेत, सुमारे २४ लाख ६० हजार. १९७८मध्ये त्यांत गुपचूप १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांची भर पडली. जपानचा सम्राट १९७५नंतर तिथे गेलेला नाही. पण त्या यादीत जपानी सैन्यात भरती केलेले हजारो कोरियन आणि तैवानीही आहेत, आणि त्यांतल्या काहींचे वारस कोर्टात गेले की आमच्या बापाचं नाव तिथून काढा. मंदिराचं म्हणणं असं की आत्मे एकत्र झाल्यावर वेगळे काढता येत नाहीत. हिरोशिमात तर कोरियन मृतांचं स्मारक १९७०मध्ये शांती उद्यानाच्या बाहेर उभारलं गेलं; ते आत यायला १९९९ उजाडलं.

बाकीचे पटकन सांगतो. व्हिएतनाम युद्धात मेलेल्या अमेरिकनांची नावं कोरलेली अमेरिकेची भिंत १९८२ची. स्पर्धा जिंकली तेव्हा तिची रचनाकार माया लिन २१ वर्षांची विद्यार्थिनी होती. ५८,०००हून जास्त नावं, हुद्द्याने नाही, वर्णानुक्रमाने नाही, तर ज्या तारखेला ज्याचा घात झाला त्या क्रमाने. अप्रतिम कल्पना; व्हिएतनामी नाव मात्र एकही नाही. रशियात दुसरं महायुद्ध १९३९ला नाही, १९४१ला सुरू होतं. आधीची दोन वर्षं त्यांना अडचणीची, कारण तेव्हा त्यांचा हिटलरशी करार होता. तोम्स्कमध्ये २०१२ साली साध्या लोकांनी युद्धात लढलेल्या आजोबांचे फोटो हातात घेऊन मिरवणूक काढली, पुढे ती सरकारने आपलीशी केली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड २५ एप्रिलला पहाटे उठून पहिल्या महायुद्धात तुर्कांकडून गॅलिपोलीला झालेला पराभव आठवतात. १४ जानेवारीला पानिपतात जमणाऱ्या मराठी माणसांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्याकडचं. दिल्लीचं इंडिया गेटही ल्यूटेन्सचंच, १९३१चं. त्यावर तेरा हजारांवर नावं आहेत; पहिल्या महायुद्धात मेलेले भारतीय त्याच्या कितीतरी पट. २०१९मध्ये शेजारीच राष्ट्रीय युद्धस्मारक झालं, तिथे उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती, प्रत्येकाला स्वतंत्र वीट, पण ती सगळी स्वातंत्र्यानंतरची. मधले लोक, म्हणजे इंग्रजांच्या फौजेत महायुद्धांत मेलेले बहुतेक भारतीय, कोणाचेच नाहीत. इंग्रजांना ते ‘नेटिव्ह’, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याला ते इंग्रजांचे नोकर. राष्ट्राच्या गोष्टीत त्यांना बसवायचं कुठे हे कोणाला ठरवता आलं नाही. माझ्या मते खरं कारण एवढंच आहे, आळस किंवा कृतघ्नता नव्हे.

पण ‘काहीच दिसत नाही’ हेही बरोबर नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला अजून अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले. आपल्या अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली फरशी सापडते: या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. इथेही बहुतेकदा आकडाच. रायगडातल्या माणगावला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले यशवंत घाडगे पुतळ्याच्या रूपात उभे आहेत, आणि जुलै १९४४मध्ये ते जिथे पडले त्या भागात, इटलीतल्या मोंतोने गावी, २०२३मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ बसवलं गेलं.

तुमच्या घरात पणजोबा ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ असं काही ऐकलं असेल, तर युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांची यादी फुकट शोधता येते. शोध पलटणीच्या नावाने करा, कारण आपली नावं कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलीत आणि आडनाव पुष्कळदा नसतंच. काही नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. रत्नागिरी आणि कुलाबा हे जिल्हे जुन्या हद्दीप्रमाणे धरा, म्हणजे सिंधुदुर्गातला माणूस रत्नागिरीत मिळेल आणि रायगडातला कुलाब्यात.