रोमहून तिवोलीला: गाईड घ्यायचा का?

प्रश्न: रोमला चाललोय, सोबत सासूबाई-सासरे आहेत. रोमजवळच्या तिवोलीचा हेड्रियनचा व्हिला आपलं आपण बघावा की गाईडेड टूर घ्यावी? त्याच दिवशी तिथलाच व्हिला देस्ते (बागेसाठी प्रसिद्ध जुना महाल) होईल का?

उत्तर: गाईड घ्याच, कारण व्हिला म्हटलं की आपल्याला एक बंगला वाटतो पण हे १२० हेक्टरच्या आसपास पसरलेलं अख्खं गावच आहे, आणि सांगणारं कुणी नसेल तर नुसत्या पडक्या भिंती बघून परत याल. रोमन सम्राट हेड्रियनने हे इ.स. ११८च्या सुमारास बांधायला घेतलं. मला सगळ्यात आवडतं ते तिथलं मॅरिटाइम थिएटर, नावात थिएटर असलं तरी आहे गोल खंदक आणि मधे बेटावर छोटंसं घर, एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या मालकालाही एकटं बसायला जागा लागायची! कॅनोपस नावाचा लांबलचक तलाव आणि त्याच्या काठचे पुतळे तर बघायचेच, पण नोकरचाकरांची ये-जा दिसू नये म्हणून जमिनीखाली केलेल्या वाटांबद्दलही गाईडला आवर्जून विचारा, ती माणसं फार कुणी आठवत नाही.

व्हिला देस्ते होतं एका दिवसात. ते वर तिवोली गावात आहे, हेड्रियनचं खाली पायथ्याशी, मधे बस किंवा टॅक्सी लागते. सोळाव्या शतकात देस्ते घराण्यातल्या कार्डिनलने (चर्चमधला मोठा धर्मगुरू) आपल्या या महालासाठी हेड्रियनच्या पडक्या व्हिलातूनच संगमरवर नि पुतळे उचलून नेले, म्हणून आधी हेड्रियन मग देस्ते असंच बघा. सासू-सासऱ्यांसाठी सकाळी लवकर निघा, सावली कमी आहे, चालणं भरपूर, देस्तेच्या बागेत चढउतार पण खूप.